चंद्राचं खळं आणि आभाळातला बर्फ

आजचं बोलणं आभाळाकडं बघून आहे. तुम्ही म्हणाल, ही बाई हप्ता, व्याज, ठराव सोडून आभाळात कुठं शिरली? पण आभाळाचा आणि आपल्या हप्त्याचा किती जवळचा संबंध आहे, हे बीड जिल्ह्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

मागच्या एका जूनमधली गोष्ट सांगते. आमच्या एका गटाची बैठक संध्याकाळी अंगणात बसली होती. चंद्र वर आला तर त्याच्याभोवती मोठं गोल कडं पडलेलं. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "चंद्राला खळं पडलंय, पाऊस दारात आहे. बियाणं आणून ठेवा." दोन दिवस आधी एक सरही येऊन गेली होती. त्याच बैठकीत तिघींनी सोयाबीनच्या बियाण्यासाठी अंतर्गत कर्ज मागितलं. सगळ्यांनी हात वर केले. ठराव माझ्याच हाताने लिहिला. चार दिवसांत पेरणी झाली, उगवणही झाली. पुढं तीन आठवडे थेंब नाही. कोंब जागेवर करपले. दुबार पेरणीसाठी त्या तिघी पुन्हा कर्ज मागायला आल्या, तेव्हा मावशी कोपऱ्यात मान खाली घालून बसल्या होत्या.

मावशींना कुणी बोललं नाही. पण मला झोप लागेना. खळं खोटं का? की आपण त्याचा अर्थ चुकीचा लावला? मग पोराच्या भूगोलाच्या पुस्तकापासून सुरुवात केली, मिळेल ते वाचत गेले, ज्यांना कळतं त्यांना विचारत गेले. त्यातून जे समजलं, ते आज तुमच्यापुढं ठेवते.

पहिली गोष्ट. खळं खोटं नाही. ते बर्फाचं काम आहे. होय, बीडच्या मे-जूनच्या उन्हाळ्यातसुद्धा आपल्या डोक्यावर बर्फ असतो! जमिनीपासून जसजसं वर जावं, तसतशी हवा थंड होत जाते. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. खाली आपल्याकडं ४० अंशांनी जीव कासावीस होत असताना १२ किलोमीटर वर उणे ३८-४० अंशांची थंडी असते. इतक्या थंडीत पाणी थेंब म्हणून राहूच शकत नाही. त्याचे बारीक बारीक स्फटिक होतात. खडीसाखरेचा खडा कसा पैलूदार असतो, तसे हे स्फटिक. फक्त डोळ्याला न दिसण्याइतके लहान आणि बहुतेक सहा कोनांचे. त्यांच्यातून चंद्राचा उजेड ठरावीक कोनात वळून येतो, म्हणून कडं दिसतं. हात लांब करून चंद्रावर अंगठा धरा आणि बोटं ताणून वीत पसरा. करंगळी जिथं पोचेल, साधारण तिथंच खळ्याची कड असते. मोठं खळं दर वेळी तेवढंच असतं, कारण स्फटिकाचे कोन बदलत नाहीत. चंद्राला अगदी चिकटून छोटं रंगीत वलय दिसलं, तर ते बहुधा पाण्याच्या थेंबांचं. वीतभर लांबचं मोठं कडं मात्र बर्फाचं.

हे बर्फाचे ढग कसे दिसतात? पिंजलेल्या कापसासारखे, सुटलेल्या केसांच्या बटेसारखे, पांढरे आणि पातळ. भूगोलात त्यांना सिरस म्हणतात. १८०२ साली ल्यूक हॉवर्ड या इंग्रज गृहस्थाने ढगांची नावं ठरवली, तेव्हा हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केसांची बट असाच आहे.

आता प्रश्न असा, की बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर काय चाललंय हे कळणार कसं? एव्हरेस्टसुद्धा नऊ किलोमीटरच्या आतच संपतो. प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवरून जातात, हे ढग पुष्कळदा त्यांच्याही वर असतात. आणि काही तर इतके पातळ असतात की खालून डोळ्याला दिसतच नाहीत. आभाळ निरभ्र आहे असं आपण म्हणतो आणि वर बर्फाचा पदर पसरलेला असतो.

यासाठी शास्त्रज्ञ लेझरचा उजेड वापरतात. त्या यंत्राला लिडार म्हणतात. नाव अवघड आहे, पण त्याचं तत्त्व तुमच्या घरात रोज दिसतं. पत्र्याला छिद्र असलं की दुपारी घरात कवडसा पडतो. त्या कवडशात धुळीचे कण चमकताना दिसतात. एरवी ती धूळ दिसत नाही. उजेडाची तिरीप तिच्यावर आपटून आपल्या डोळ्यापर्यंत येते, म्हणून दिसते. लिडार म्हणजे माणसाने उलटा, जमिनीवरून आभाळाकडं सोडलेला कवडसा. वरच्या कणांवर आपटून जो थोडासा उजेड परत येतो, तो दुर्बिणीने गोळा करायचा.

मग उंची कशी कळते? विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो. विहीर खोल असेल तर जरा उशिरा येतो. उजेडाचंही तसंच. फक्त उजेडाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर! १५ किलोमीटर उंचीच्या ढगावर आपटून परत यायला म्हणजे जाऊन-येऊन ३० किलोमीटर. त्याला लागतो सेकंदाचा दहा हजारावा भाग. यंत्रातलं घड्याळ तेवढाही वेळ मोजतं. लगेच परत आलेला उजेड खालच्या थराचा, उशिरा आलेला वरच्या थराचा. अशा रीतीने ढग कुठं सुरू होतो, कुठं संपतो, त्याची जाडी किती, सगळं कागदावर उतरतं.

आता यातली सगळ्यात गमतीची गोष्ट. वरचा ढग पाण्याचा की बर्फाचा, हेही लिडार सांगतो. ते कसं? खिडकीच्या उभ्या गजांतून एक दोरी ओवा आणि पलीकडचं टोक बांधून ठेवा. दोरी वर-खाली हलवली तर लाट गजांतून पार जाते. डावी-उजवीकडं हलवली तर गजांना अडते. उजेडाच्या लाटेलाही अशी दिशा असते. लेझरचा उजेड एकाच दिशेने हलणारा सोडता येतो. पाण्याचा थेंब साबुदाण्यासारखा गोल असतो. त्याच्यावरून उजेड सरळ माघारी आला, तर ज्या दिशेने हलत गेला त्याच दिशेने हलत येतो. बर्फाचा स्फटिक मात्र खडीसाखरेसारखा पैलूदार. उजेड आत शिरून इकडून तिकडं आपटतो आणि दिशा बदलून बाहेर येतो. परत आलेल्या उजेडात दिशा बदललेला भाग किती, हे मोजलं की वर साबुदाणा आहे की खडीसाखर, ते कळतं. तिथवर न जाता!

हे काम आपल्या देशात होतं का? होतं. आपल्यातल्या कितीतरी जणी तिरुपतीला जाऊन आल्या आहेत. त्याच तिरुपतीजवळ गादंकी नावाचं छोटं गाव आहे. तिथं भारत सरकारच्या अंतराळ विभागाची राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा आहे. जपानच्या एका संशोधन संस्थेच्या मदतीने १९९८ साली तिथं लिडार बसवलं. हिरव्या उजेडाचा लेझर सुरुवातीला सेकंदाला वीस वेळा आभाळात झोत सोडायचा. परत येणारा उजेड गोळा करायला दोन दुर्बिणी आहेत. एकीचा आरसा ३५ सेंटिमीटरचा आणि दुसरीचा ७५ सेंटिमीटरचा, म्हणजे लग्नाघरच्या मोठ्या परातीएवढा. तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं रात्री जागून बर्फाच्या ढगांची मोजदाद केली. हे ढग तिथं चौदा किलोमीटरच्या आसपास वारंवार सापडतात, असं त्यातून दिसलं. डोळ्याला न दिसणारे पातळ ढगही त्यात पकडले गेले.

आपल्या महाराष्ट्रातही हे नवीन नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. १९६२ साली स्थापन झालेली. तिथं १९८० च्या दशकातच लेझरने हवेतल्या धूलिकणांचा अभ्यास सुरू झाला होता. याच संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे, आणि ढगांच्या आत बघणारं रडार तिने मांढरदेवच्या डोंगरावर नेऊन बसवलं होतं. होय, आपल्या काळूबाईच्या मांढरदेवला! बाया नवसाला जातात त्याच डोंगरावरून सह्याद्रीच्या ढगांची तपासणी झाली आहे.

लिडारला अडचणी नाहीत असं नाही. चुलीचा दाट धूर असला तर बॅटरीचा झोत पलीकडं जात नाही. तसाच लेझर जाड, काळ्या पावसाळी ढगातून आरपार जात नाही. म्हणून ऐन पावसाळ्यात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा जमिनीवरचा लिडार पुष्कळदा आंधळा होतो. दिवसा सूर्याच्या उजेडाचाही त्रास होतो. यावर उपाय काय? वरून बघायचं! अमेरिका आणि फ्रान्सने मिळून एप्रिल २००६ मध्ये कॅलिप्सो नावाचा उपग्रह सोडला. जवळजवळ ७०० किलोमीटर उंचीवरून तो खाली लेझर टाकत पृथ्वीभोवती फिरायचा. २०२३ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षं त्याने काम केलं. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानने अर्थकेअर हा नवा उपग्रह सोडला. त्यावरही लिडार आहे.

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? बर्फाच्या ढगाने ना पाऊस पडतो, ना विहिरीला पाणी येतं.

यासाठी, की हे ढग गोधडीसारखं काम करतात. खालचा जाड ढग छत्रीसारखा असतो. ऊन अडवतो, खाली गार वाटतं. वरचा पातळ बर्फाचा ढग मात्र ऊन बरंचसं आत येऊ देतो, पण जमिनीतून परत वर जाणारी ऊब अडवून ठेवतो. रब्बीत शाळूच्या राखणीला जाणाऱ्यांना हे माहीत आहे. आभाळ मोकळं असलं की पहाटे हुडहुडी भरते, आभाळ आलेलं असलं की थंडी कमी लागते. आता सगळ्या पृथ्वीवर अशा किती गोधड्या, किती जाड, किती उंच पसरल्या आहेत, हे माहीत नसेल तर पृथ्वी किती तापणार याचा हिशेब चुकतो. गटाच्या वहीत एका बाईची बचत लिहायची राहिली तर महिनाअखेर ताळा जमत नाही ना? तसंच. दिसत नाही म्हणून ढग हिशेबातून सोडून चालत नाही. हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकाला ही मापं लागतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येऊ. खळं पडलं, वर बर्फ होता. मग पाऊस का आला नाही?

यासाठी वरचा बर्फ येतो कुठून, ते समजून घेऊ. पावसाळ्यात मोठे गडगडाटी ढग पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत उंच चढतात. वर त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरतो. तो माथा बर्फाचा असतो. ढग खाली पाऊस पाडून मोकळा होतो, पण माथ्यावरचा बर्फ वरच्या वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर लांब वाहत जातो. पावसाळ्यात आपल्याकडं खालचा वारा पश्चिमेकडून, समुद्राकडून येतो. पण खूप उंचावरचा वारा उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतो. एखाद्या दिवशी नीट बघा. खालचे काळे ढग एका दिशेने पळतात आणि वरचे पांढरे पिंजलेले ढग हळूहळू दुसऱ्याच दिशेने सरकतात.

म्हणजे आपल्या डोक्यावरचा बर्फ हा कितीदा तरी दूर पूर्वेकडं पडून गेलेल्या पावसाचा उरलेला भाग असतो. शेजारच्या खळ्यावर उफणणी चालली की भुसा वाऱ्याने आपल्या अंगणात येतो. भुसा आला म्हणून आपल्या कणगीत दाणे पडत नाहीत. चंद्राचं खळं हा असाच दुसऱ्याच्या खळ्यावरचा भुसा. कधी त्याच्यामागून पाऊस येतोही, म्हणून आपल्या आजी-पणजीने ते लक्षात ठेवलं. त्यांचं बघणं खरं होतं. पण कधी येतो आणि कधी नाही, हे खळं सांगू शकत नाही. त्या ढगातून स्फटिक खाली पडतात, पण कोरड्या हवेत वाटेतच विरून जातात. जमिनीपर्यंत काही पोचत नाही.

आणखी एक प्रश्न बायका नेहमी विचारतात. "ढग तर आहेत, मग विमानाने पाऊस का पाडत नाहीत?" आपल्या मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, ते सगळ्यांना आठवत असतील. पण विमान कुठल्याही ढगातून पाऊस काढू शकत नाही. पिंजलेल्या बर्फाच्या ढगात पाडण्याइतकं पाणीच नसतं. त्यासाठी पाण्याने भरलेला, वर वाढत जाणारा ढग लागतो. पुण्याच्या संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला याचा पद्धतशीर अभ्यास केला. २७६ ढग निवडले. काहींत क्षार फवारले, काही तसेच सोडले आणि दोन्हींची तुलना केली. योग्य ढग मिळाला तर त्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के पाऊस वाढल्याचं दिसलं. योग्य ढगच नसेल, तर विमान येऊनही उपयोग नाही. पिशवी रिकामी असेल तर झटकून दाणा पडत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आमच्या गटाने त्या जूननंतर तीन गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटल्या तर तुम्हीही बैठकीत मांडा.

पहिली, पाऊस मोजायचा. कृषी विभाग दर वर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. पण आपण "चांगला पाऊस झाला" एवढंच म्हणतो. एक सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा घ्या. वर रुंद आणि खाली निमुळता नको, नाहीतर माप चुकतं. झाड आणि वळचणीपासून लांब, मोकळ्या जागी ठेवा. कलंडू नये म्हणून बाजूला दगड लावा. सकाळी शाळेची पट्टी बुडवून बघा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. लिहून ठेवा, डबा रिकामा करा. पेरणीच्या तोंडावर झालेल्या पावसांची बेरीज ७५ च्या पुढं जायला हवी. मध्ये बरेच दिवस कोरडे गेले असतील, तर आधीची बेरीज धरून बसू नका, रानात ओल किती खोल गेली तेही उकरून बघा. आमच्याकडं हे काम आठवीतली एक मुलगी करते आणि गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिते.

दुसरी, बियाण्याचं कर्ज मंजूर करायचं, पण पैसे हातात द्यायच्या आधी ते शेवटचं पान उघडायचं. सोबत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला बघायचा. मेघदूत ॲपवर तो मराठीत मिळतो. एका बाईच्या मोबाईलवर असला तरी सगळ्या गटाचं काम होतं. अंदाज दर वेळी बरोबर येतो असं मी म्हणत नाही. पण खळ्यापेक्षा त्याच्यामागं मोजमाप जास्त आहे.

तिसरी, विजेची. ढगातली वीज तयार होण्यातही बर्फाचाच हात असतो. उंच ढगात बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर घासतात, त्यातून विजेचा भार साठतो. म्हणून ऐरणीच्या माथ्याचा उंच ढग दिसला की खुरपं ठेवून पक्क्या घरात यायचं. झाडाखाली थांबायचं नाही. पुण्याच्याच संस्थेचं दामिनी ॲप आजूबाजूच्या विजांची सूचना देतं.

जाता जाता पोरांसाठी एक सूचना. लेझर हा शब्द आज ऐकलात, म्हणून सांगते. मिरवणुकीतल्या लेझर दिव्यांनी डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या घटना आपल्या महाराष्ट्रात घडल्या आहेत. जत्रेतली लेझरची खेळणी पोरांनी कुणाच्या डोळ्यात मारू नयेत. शास्त्रज्ञ आभाळाकडं लेझर सोडतात ते नियम आणि काळजी घेऊन.

शेवटी मावशींचं सांगते. मी हे सगळं बैठकीत सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं खळं चुकीचं." मी म्हणाले, "मावशी, तुमचं खळं बरोबर होतं. वर बर्फ आहे हे तुम्ही साध्या डोळ्याने ओळखलंत. त्यासाठी गादंकीला परातीएवढा आरसा लावावा लागतो. चूक आपल्या सगळ्यांची, आपण बर्फाला पाऊस समजलो." त्यावर त्या हसल्या. आता डब्यातलं पाणी किती झालं, हे सगळ्यात आधी त्याच विचारतात. गेल्या वर्षी पहिल्या सरीला ३२ मिलिमीटर भरलं, तेव्हा कर्ज मागायला आलेल्या सुनेला त्यांनीच थांबवलं. म्हणाल्या, "अजून वीतभर ओल नाही गं, दम धर."

तुमच्या गावात खळ्याबद्दल, ढगांबद्दल म्हाताऱ्या बाया काय सांगतात, ते आम्हाला नक्की कळवा. आणि तेवढं डब्याचं विसरू नका. येते मी. नमस्कार.